कमी उजेडातला कॅमेरा: गेवराईपासून अजिंठ्यापर्यंत

गेवराई तालुक्यात ज्या गोष्टींचे फोटो काढून ठेवावेत, त्यांतल्या बऱ्याचशा उजाडायच्या आधी किंवा दिवेलागणीनंतर घडतात. शनी अमावास्येला राक्षसभुवनला गोदाकाठी भाविकांची रीघ लागते, आणि अमावास्या म्हटल्यावर चंद्राचा आधार नसतोच. तलवाड्याला त्वरितादेवीच्या नवरात्रात आरतीच्या वेळी जेवढा उजेड असेल तेवढ्यावर भागवावे लागते. मुक्ताबाईंची पालखी आषाढीआधी मुक्ताईनगरहून निघून गेवराईच्याच वाटेने बीडकडे जाते. दिवसभर चाललेल्या वारकऱ्यांचे चेहरे खुलतात ते रात्रीच्या कीर्तनात. लग्नाची वरात रात्रीची. रात्रपाळीच्या विजेवर दारं धरायला निघालेला शेतकरी रात्रीचा. आणि दसरा-दिवाळीनंतर संसार ट्रॉलीत भरून ऊसतोडीला जाणाऱ्या बिऱ्हाडांचे काम तर भल्या पहाटेच सुरू होते.

या सगळ्याचे फोटो निघतात भरपूर, पण पाहावेसे वाटतात फार थोडे. कुठे फ्लॅशने चेहरा पांढराफटक आणि मागे नुसता काळोख. कुठे सगळेच हललेले. कुठे मोबाइलने रात्रीचा दिवस करून टाकलेला. कमी उजेडात चांगला फोटो कसा निघतो, या प्रश्नावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत छायाचित्रकारांनी, भिंगे घडवणाऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी पुष्कळ शोधून ठेवले आहे. डिजिटल कॅमेऱ्याने त्यात मोठी भर घातली. त्याचा हा आढावा घेताना माझे म्हणणे आधीच सांगतो: फोटोत दाणे येतील या भीतीपायी आपण फोटो हलवतो, फ्लॅश मारतो आणि गरज नसलेला कॅमेरा विकत घेतो. उजेड कुठून येतोय आणि तो माणसाच्या किती जवळ आहे, हे पाहायला मात्र आपल्याला सवड नसते.

आधी उजेडाचा हिशेब. उजेड लक्समध्ये मोजतात. मेणबत्तीसारख्या एका ज्योतीपासून एक मीटर अंतरावर साधारण १ लक्स उजेड पडतो. भर दुपारच्या उन्हात तो १ लाख लक्सच्या घरात असतो. रात्री ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत शंभराच्या आसपास, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्स किंवा त्याहूनही कमी. आपल्या डोळ्यांना हा फरक एवढा मोठा वाटत नाही, कारण बाहुली विस्फारते, डोळ्याचा पडदा हळूहळू अंधाराला सरावतो आणि राहिलेले मेंदू भरून काढतो. कॅमेऱ्याला असली सोय नाही. छायाचित्रकार उजेड दुप्पट-निमपट अशा पायऱ्यांनी मोजतात, त्या पायरीला स्टॉप म्हणतात. ऊन आणि एक ज्योत यांत जवळजवळ १७ स्टॉपचे अंतर आहे.

हे अंतर कसे कापायचे ते एका उदाहरणावर पाहू. समईच्या एका वातीपासून मीटरभर अंतरावर आजी बसल्या आहेत, घरात दुसरा दिवा नाही. कॅमेऱ्याचा आयएसओ ३२००, लेन्स एफ १.८ इतकी उघडी. हिशेबाने शटर पाव सेकंद उघडे ठेवावे लागेल. पाव सेकंदात आजी हलतात, फोटो काढणाराही हलतो. आता आजींना समईपासून अर्ध्या मीटरवर बसवा. अंतर निम्मे झाले की उजेड चौपट होतो, त्यामुळे शटर १/१५ वर आले. आयएसओ ६४०० केला की १/३०. समईत दुसरी वात लावली की १/६०, आणि एवढ्यात हातात धरलेल्या कॅमेऱ्याने स्वच्छ फोटो निघतो. पाव सेकंदापासून १/६० पर्यंत आपण चार स्टॉप आलो. त्यांतले तीन आजींना पुढे सरकवून आणि एक वात वाढवून मिळाले. कॅमेऱ्याच्या बटणाने दिला तो एकच. शिवाय दिव्याच्या उजेडातला चेहरा दिवसासारखा उजळ दिसावा अशी अपेक्षाच चूक आहे. तो एक स्टॉप अंधाराकडे झुकला तरच दिव्याचा वाटतो, म्हणजे आणखी एक स्टॉप फुकट.

स्टॅन्ली क्युब्रिक यांनी १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटातले काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले, तेव्हा त्यांनी नासासाठी बनवलेली झाइसची ५० मिमी एफ ०.७ लेन्स मिळवली होती. त्या लेन्सची गोष्ट सगळे सांगतात. पण त्यांच्याकडच्या मेणबत्त्याही तीन वातींच्या होत्या, ही बाब मला जास्त शिकवणारी वाटते. इतकी उघडी लेन्स हाती असूनही त्यांना वाती वाढवाव्या लागल्या.

आता दाण्यांविषयी, कारण सगळी भीती तिथे आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि ते कण मोजून-मापून पडत नाहीत. सेन्सरच्या एका बिंदूवर सरासरी १०० फोटॉन पडायचे असतील, तर प्रत्यक्षात कुठे ९२ पडतात, कुठे १०९. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो: १०० ला १०, म्हणजे दहा टक्के; १०,००० ला १००, म्हणजे एकच टक्का. फोटोत दिसणारे दाणे मुख्यतः हा चढउतारच असतो. दुसरा वाटा कॅमेऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक जुळणीचा, आणि तो दर पिढीगणिक घटत गेला आहे. पहिला वाटा मात्र निसर्गाचा आहे. कोणत्याही कंपनीला तो काढता येत नाही. जास्त प्रकाश गोळा करणे एवढाच त्यावर उपाय.

म्हणून ‘आयएसओ वाढवला की दाणे येतात’ हे म्हणणे अर्धवट आहे. आयएसओ सेन्सरवर पडलेला प्रकाश वाढवत नाही आणि घटवतही नाही, मिळालेल्या संकेताला तो फक्त मोठा करतो. उजेड कमी असतो म्हणून आयएसओ वाढवावा लागतो, आणि उजेड कमी असतो म्हणूनच दाणे येतात. वरातीत भिऊन आयएसओ ८०० वर ठेवला, फोटो काळा आला आणि मग संगणकावर उजळवला, तर दाणे तितकेच येतात, काही जुन्या कॅमेऱ्यांत जास्तच. आणि आयएसओ कमी ठेवण्यासाठी शटर मंद केले तर फोटो हलतो. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा परत जागेवर आणता येत नाही. कमी उजेडात काम करणाऱ्याने एवढे एक मनाशी पक्के केले तरी निम्मे फोटो सुधारतील.

सेन्सरने गाठलेली मजल खरोखर मोठी आहे. विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये सीसीडी या सेन्सरची कल्पना मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याच कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी रंग ओळखण्यासाठी लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जी जाळी सुचवली, तिचे पेटंट १९७६ चे. आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे. १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांनी सीमॉस सेन्सर पुढे आणला, आणि मोबाइलपासून मोठ्या कॅमेऱ्यापर्यंत आज त्याचेच राज्य आहे. पण लग्नाच्या फोटोवाल्याच्या दृष्टीने खरी कलाटणी २००७ ची. त्या वर्षी आलेल्या निकॉन डी३ ने आयएसओ ६४०० कामाचा करून दाखवला. दोन वर्षांनी डी३एस १,०२,४०० पर्यंत पोहोचला, २०१४ मध्ये सोनीचा ए७एस ४,०९,६०० पर्यंत. फिल्मच्या काळात ४०० चा रोल वेगवान समजला जाई, आणि कृष्णधवल ट्राय-एक्स जास्त वेळ धुऊन १६०० वर ओढली की दाणे मोजून घ्यावेत असे दिसत. त्या हिशेबाने दहा वर्षांपूर्वीचा जुना डिजिटल कॅमेराही फिल्मवर काम केलेल्यांना स्वप्नवत वाटला असता. गेवराईत कुणी सेकंडहँड कॅमेरा घेऊन सुरुवात करत असेल, तर कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही.

मग पैसे कशावर घालावेत? दुकानदार फुल फ्रेमचे नाव काढतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. कॅननच्या साध्या डीएसएलआरमधला २२.३ बाय १४.९, म्हणजे सुमारे ३३२. तेवढाच एफ आकडा आणि तेवढीच चौकट धरली तर मोठा सेन्सर अडीच पटींहून थोडा जास्त प्रकाश गोळा करतो, साधारण १.४ स्टॉप. आता त्या साध्या कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स पाहा. ती पुढे ओढली की एफ ५.६ वर येते. तिच्याजागी ५० मिमी एफ १.८ लावली तर उजेड जवळपास दहापट, म्हणजे तीन स्टॉपहून जास्त. ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सांत मोडते. बॉडी बदलण्याआधी लेन्स बदलावी, या सल्ल्याला इतका साधा आधार आहे, तरी लोक उलटे करतात.

उघड्या लेन्सचे महत्त्व शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. जर्मनीतल्या ड्रेसडेनच्या एर्नेमान कंपनीने १९२४ मध्ये एर्मानॉक्स हा छोटा कॅमेरा काढला. त्याची लेन्स एफ २, पुढे एफ १.८. एरिक सॅलोमन यांनी तो घेऊन कोर्टातले खटले आणि मुत्सद्द्यांच्या रात्रीच्या बैठका फ्लॅशशिवाय टिपल्या, तेही आजच्या मानाने अगदी मंद काचेच्या प्लेटवर. हातातल्या स्वस्त पन्नासच्या लेन्सचा आकडा तोच आहे.

या उघडेपणाची किंमत मोजावी लागते, ती फोकसमध्ये. छोट्या सेन्सरवर ५० मिमी एफ १.८ ने दीड मीटरवरचा चेहरा घेतला, तर जेमतेम सहा सेंटीमीटरची पट्टी धारदार येते. नाकाचा शेंडा धारदार आणि डोळे मऊ, असे फोटो याच कारणाने निघतात. फोकस कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर हवा. नवरा-नवरी मागेपुढे उभे असतील तर एफ २.८ वर यावे. अंधारात ऑटोफोकस चाचपडत असेल तर जुन्या डीएसएलआरचा मधला बिंदू वापरावा आणि तो कपाळाच्या सपाट कातडीवर ठेवू नये. जिथे काळे-पांढरे भेटतात तिथे ठेवावा, टोपीची कड, कुंकवाची कड, चष्म्याची दांडी. मिररलेस कॅमेरे यात फार पुढे गेले आहेत. जुने सोडून नवे घ्यायचेच असेल, तर माझ्या मते आयएसओच्या आकड्यांपेक्षा हे कारण जास्त सबळ आहे.

शटरबाबत दोन वेगळ्या हलण्यांची गल्लत होते. एक आपल्या हाताचे, एक समोरच्या माणसाचे. हाताच्या हलण्यासाठी जुना ठोकताळा असा की लेन्सचा आकडा छेदात ठेवायचा: ५० ची लेन्स तर १/५०, छोट्या सेन्सरवर १/८०. लेन्समधली किंवा बॉडीतली स्थिरीकरणाची सोय इथे तीन-चार स्टॉप वाचवते. ट्रायपॉड तर कितीही वाचवतो. पण समोर टाळ वाजवणारा वारकरी असेल तर यातले काहीच कामाचे नाही. कीर्तन ऐकत बसलेला माणूस १/३० ला निभावतो, मंगलाष्टका चालू असताना अक्षता टाकणारे हात १/१२५ मागतात, लेझीम किंवा वरातीतला नाच १/२५० च्या आत पकडता येत नाही. मात्र हालचालीला लय असते. टाळ एकमेकांवर आदळतात तो क्षण, झांजेचा हात वर जाऊन थांबतो तो क्षण, कीर्तनकार ओवी संपवून श्वास घेतात तो क्षण. तिथे हालचाल जवळपास शून्य असते. संगीत कानाने ऐकत फोटो काढणाऱ्याला १/६० वरही जे मिळते, ते नुसते बटण दाबून धरणाऱ्याला १/२५० वर मिळत नाही. तमाशाच्या फडांवर वर्षानुवर्षे काम केलेले संदेश भंडारे यांचे ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ हे पुस्तक ज्यांनी पाहिले असेल, त्यांना रंगमंचाच्या तुटपुंज्या दिव्यांतही क्षण कसा निवडता येतो ते वेगळे सांगायला नको.

मराठवाड्यात या विषयाची सर्वांत मोठी शाळा अजिंठ्याला आहे. निजामाच्या राजवटीत गेवराई आणि अजिंठा एकाच संस्थानात होते, आणि अजिंठ्याची चित्रे जगाला दाखवायची कशी हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तिथे राहून चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती रंगवल्या; त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल पुढे कॅमेराही वापरू लागले, पण त्या काळच्या प्लेटांना लेण्यांच्या आतला काळोख फारसा पेलणारा नव्हता. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या, आणि त्यांतल्याही बऱ्याच १८८५ च्या लंडनच्या आगीत जळाल्या. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ दरम्यान छायाचित्रांवर आधारलेले चार भाग प्रसिद्ध केले, आणि अभ्यासकांना पहिल्यांदा भरवशाचा दस्तऐवज मिळाला.

तरी रंगांचा प्रश्न राहिलाच. जोरकस दिवे लावले तर चित्राच्या पृष्ठभागावर चमक येते, भिंतीचा खडबडीतपणा उठून दिसतो आणि रंग उथळ होतात. वर चित्रांना इजा होते ती वेगळीच. बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उलटी वाट धरली. लेण्यांत जो मंद उजेड आहे त्यावरच भिस्त ठेवून त्यांनी फिल्मवर फार लांब वेळेचे एक्स्पोजर दिले. डोळ्याला तपकिरी-काळपट दिसणाऱ्या भिंतींतून निळा आणि हिरवा बाहेर आला, दागिन्यांचे बारकावे आणि त्वचेच्या छटा दिसू लागल्या. त्यांचे पुस्तक १९९८ मध्ये आले. नाशिकचे प्रसाद पवार अनेक वर्षे याच चित्रांचे डिजिटल छायाचित्रण करून त्यांची संगणकावर पुनर्रचना करत आले आहेत. या दोघांच्या कामातून एक गोष्ट ठसठशीतपणे पुढे येते: कॅमेरा स्थिर असेल आणि समोरची वस्तू हलत नसेल, तर उजेड कमी असणे हा अडथळाच नाही. सेन्सर उजेड साठवत राहतो. राक्षसभुवनचे रिकामे देऊळ, पांचाळेश्वराचे गोदापात्रातले मंदिर, जुन्या वाड्यातली कोरीव तुळई, यांचे फोटो काढायला आयएसओ १०० आणि ट्रायपॉडवर दहा सेकंद पुरतात, दाण्यांचा प्रश्नच येत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबण्याचा हादरा बसत नाही. सामान्य प्रवासी मात्र अजिंठ्यात ट्रायपॉड लावू शकत नाही आणि फ्लॅशला तिथे बंदी आहे. त्याने कठड्यावर कोपर टेकवावे, श्वास सोडून थांबावे आणि एकाऐवजी चार-पाच फोटो एकापाठोपाठ घ्यावेत. त्यांतला एखादा नक्की स्थिर निघतो.

रंगांचा दुसरा गोंधळ गावातल्या दिव्यांचा. केंद्र सरकारचा रस्त्यावरच्या दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला आणि पिवळट सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी येत गेले. सोडियमच्या उजेडात मुळात बहुतेक रंग नसतातच, त्यामुळे व्हाइट बॅलन्स कितीही फिरवला तरी हिरवी साडी हिरवी होत नाही. असा फोटो कृष्णधवल करावा, फार देखणा निघतो. एलईडीत रंग येतात, पण स्वस्त दिवे लुकलुकतात. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. शटर १/२५० केले की फोटोत काळे-पिवळे पट्टे उमटतात, दर फोटोला रंग बदलतो. १/१०० किंवा १/५० वर आले की पट्टे जातात. मिररलेसमध्ये आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर लग्नाच्या मांडवात ते आधी बंद करावे. स्टेजमागच्या एलईडी पडद्यावर तर ही काळजी घ्यावीच लागते.

समई आणि ट्यूब एकत्र असतील तेव्हा मी ट्यूब बंद करायला सांगतो. घरचे लोक आधी बिचकतात, कारण फोटोला उजेड लागतो असे सगळ्यांनी ऐकलेले असते. पण दोन जातींचे दिवे एका चेहऱ्यावर पडले की अर्धा गाल निळा आणि अर्धा नारिंगी होतो, तो कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट होत नाही. एकच दिवा, एकाच बाजूने, जवळून. चेहऱ्याला आकार येतो तो अशाने. आणि कॅमेरा रॉ फाइलवर ठेवावा. रॉमध्ये १२ किंवा १४ बिट माहिती असते, जेपेगमध्ये ८. सावलीतली साडी वर काढायची असेल, रंग नंतर सारखे करायचे असतील, तर ही जादा माहितीच उपयोगी पडते.

फ्लॅशला मी टाकाऊ म्हणणार नाही. मंगल कार्यालयाच्या पांढऱ्या छतावर तो उलटा मारला तर खिडकीतून आल्यासारखा मऊ उजेड मिळतो. उघड्यावरच्या मांडवात मात्र वर छत नसते, किंवा असते ते लाल-पिवळ्या कापडाचे, आणि उजेड तोच रंग घेऊन खाली येतो. परण्या निघाला असेल, वरात चालली असेल, तिथे शटर १/१५ किंवा १/३० असे मंद ठेवून फ्लॅश अगदी हलका मारावा आणि तो शटर मिटण्याच्या क्षणी उडेल अशी मांडणी करावी. मागची रोषणाई नोंदली जाते, दिव्यांच्या रेघा माणसाच्या मागे राहतात आणि नवरदेव स्पष्ट येतो. कॅमेऱ्यावर चिकटलेला, सरळ तोंडावर पडणारा फ्लॅश मात्र शेवटच्या निरुपायाखेरीज वापरू नये.

फ्लॅश न वापरण्याचे आणखी एक कारण माणसांशी निगडित आहे. ऊसतोडीच्या थळात पहाटे तीन-चारला उठून थंडीत कोयते चालू होतात, रात्री-अपरात्री गाड्या भरल्या जातात. कोपीसमोर चूल पेटलेली, डोक्याला बांधलेल्या बॅटरीचा उजेड समोरच्या उसावर, बाकी अंधार. या माणसांच्या तोंडावर अचानक पांढरा झोत मारणे असभ्य आहे, आणि त्या फोटोत त्यांच्या कामाची वेळच पुसली जाते. अंधार हा त्या कष्टाचा भाग आहे. तो फोटोत दिसलाच पाहिजे. आधी बोलावे, मुकादमाशी नव्हे तर ज्यांचा फोटो काढायचा त्या नवरा-बायकोशी, त्यांचा होकार घ्यावा, आणि चुलीच्या उजेडात, बॅटरीच्या परतीच्या उजेडात जे मिळेल ते आयएसओ ६४०० वर घ्यावे. मुंबईच्या सफाई कामगारांवर सुधारक ओलवे यांनी केलेले कृष्णधवल काम या बाबतीत वस्तुपाठ आहे. सरकारने २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या त्या फोटोंत दाणे आहेत, गडद सावल्या आहेत, आणि माणसे पूर्ण आहेत.

मोबाइलकडे दुर्लक्ष करून हा आढावा पुरा होणार नाही. त्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, तरी रात्रीचे फोटो आश्चर्य वाटावे इतके बरे येतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये गूगलने पिक्सेल फोनवर नाइट साइट आणले, आणि मग सगळ्यांनीच ती वाट धरली. फोन एकाऐवजी अनेक फोटो घेतो, नाइट साइटमध्ये १५ पर्यंत, ते एकमेकांवर जुळवतो आणि सरासरी काढतो. नऊ फोटोंची सरासरी घेतली की दाणे एक तृतीयांश उरतात. पुन्हा तेच वर्गमूळ. हे काही फोनचे एकट्याचे गुपित नाही. कॅमेऱ्यावर एकापाठोपाठ नऊ फोटो घेऊन संगणकावर असेच जुळवता येतात, फक्त समोरची गोष्ट स्थिर हवी. फोनचा दोष असा की तो न विचारता सावल्या उजळवतो आणि रात्र दुपारसारखी करून ठेवतो. एक्स्पोजरची पट्टी बोटाने खाली ओढली की रात्र परत येते. एवढे करणारे फार थोडे भेटतात.

संगणकावरचे दाणे काढणेही आता वेगळ्या पातळीवर गेले आहे. २०२० मधले डीएक्सओचे डीपप्राइम आणि एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेले एआय डीनॉइज रॉ फाइलमधले दाणे काढताना तपशील बराच जपतात. मी ते वापरतो आणि इतरांना सुचवतोही, पण अर्ध्यावरच थांबावे. पूर्ण जोर लावला की वृद्ध माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत होतात आणि पैठणीच्या काठावरचे बारीक जरीकाम सॉफ्टवेअर स्वतःच्या अंदाजाने रंगवते. पैठण इथून लांब नाही. ज्यांनी ते काम हाताने विणलेले पाहिले आहे त्यांच्या नजरेतून ही बनवाबनवी सुटत नाही.

आकाशाचे फोटो हा वेगळा छंद, पण गेवराईकरांना त्यासाठी कुठे लांब जावे लागत नाही. महामार्गावरचे ढाबे आणि टोलनाक्याचे दिवे मागे टाकून गोदाकाठच्या गावांकडे गेले की उन्हाळ्यात, पाऊस सुरू होण्याआधी, उत्तररात्री दक्षिणेला आकाशगंगेचा दाट पट्टा चढलेला दिसतो. पृथ्वी फिरते म्हणून तारे तासाला १५ अंश सरकतात, त्यामुळे शटर किती वेळ उघडे ठेवायचे याला मर्यादा आहे. ५०० ला लेन्सच्या फुल फ्रेम हिशेबाच्या आकड्याने भागायचे: छोट्या सेन्सरवर १८ मिमी म्हणजे २९ मिमी, म्हणजे १७ सेकंद. आयएसओ ३२००, लेन्स पूर्ण उघडी, फोकस हाताने एखाद्या ठळक ताऱ्यावर पडद्यावर मोठे करून. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर असतो. ताऱ्यांच्या गोल रेघा हव्या असतील तर कॅमेरा तिकडे वळवायचा. आणि चंद्र काढायचा असेल तर हे सगळे विसरायचे. चंद्रावर ऊन पडलेले असते, त्याला दिवसाचाच हिशेब लागतो: आयएसओ १००, एफ ११, १/१००. रात्र समजून काढलेला चंद्र नेहमी पांढरा ठिपका येतो.

फोटो तपासायचा कुठे, हा प्रश्न उरतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा केला की आयएसओ ६४०० चे दाणे डोळ्यांत भरतात आणि फोटोवाला खचतो. पण गिऱ्हाईक तो फोटो करिझ्मा अल्बममध्ये पाहणार, घरचे लोक मोबाइलच्या पडद्यावर पाहणार. सहा बाय नऊ इंचांच्या कागदावर ३०० ठिपक्यांच्या दाटीने छापताना साधारण पाच मेगापिक्सेलच लागतात. चार-पाच बिंदू मिळून एक होतो आणि दाणे आपोआप निम्म्याहून कमी दिसतात. बीडच्या किंवा संभाजीनगरच्या लॅबमध्ये अल्बम टाकण्याआधी एकच फोटो आयएसओ १६००, ३२००, ६४०० आणि १२,८०० वर काढून, काहीही सफाई न करता, अल्बमच्याच आकारात छापून आणावा. हातभर अंतरावरून पाहताना ज्या आकड्यावर दाणे खटकू लागतात, तो त्या कॅमेऱ्याचा आकडा. आयएसओ ऑटोवर ठेवायचा असेल तर मेनूमधली वरची मर्यादा तिथे लावावी, शटरची खालची मर्यादा १/१२५ ठेवावी आणि पुढच्या वरातीला निघावे.